जिम्नीला चार इंच कशाला?

मारुतीची जिम्नी (छोटी 4x4 गाडी) चार इंच लिफ्ट करून, म्हणजे स्प्रिंग बदलून उंच करून घ्यावी का, असं विचारलंय. चार इंच नको, राव. खानापूर-बेळगाव रोजचं जाणं-येणं आणि पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडचा लाल चिखल, एवढ्यासाठी जिम्नीला दीड-दोन इंच भरपूर झालं. एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून सांगतो, लिफ्टनं फक्त बॉडी वर जाते. अॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा दांडा) एकसंध, त्यामुळं डिफरेन्शियलचा गोळा, म्हणजे अॅक्सलवरचा गिअरचा फुगीर डबा, आहे तिथंच राहतो, आणि उसाच्या ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोरीत मधला उंचवटा आधी त्यालाच घासतो. तो उचलायचा तर टायर मोठा हवा. तिथंही 195/80 या मूळ मापावरून 215/75 ला गेलात तर जेमतेम 5 मिमी मिळतात!

उंची वाढवायला स्प्रिंगला लावायची जाड चकती, म्हणजे स्पेसर, स्वस्त, पण शॉकअप जुनाच ठेवलात तर खड्ड्यात चाक लोंबलं की तो पूर्ण ताणून खटकन आपटतो. स्प्रिंग आणि शॉकअप एकदमच बदला. दोन इंचांत कॅस्टर (पुढची चाकं ज्या अक्षावर वळतात त्याचा मागचा कल, ज्यानं गाडी सरळ राहते) कमी होतो, हायवेला स्टिअरिंग हलकं होऊन गाडी भरकटते. कॅस्टर करेक्शनचे बुश टाकून घ्या. पॅनहार्ड रॉडमुळं (अॅक्सलला बाजूनं धरून ठेवणारा आडवा दांडा) अॅक्सलही किंचित बाजूला सरकतो, ते मापून बघा, मिस्त्रीच्या नुसत्या ‘होतंय की’वर जाऊ नका.

मागं कायम सामान नसेल तर जड लोडची स्प्रिंग घेऊ नका. रिकामी गाडी नुसती उडते.