सांगलीकरांचा दोन दिवसांचा मुंबईचा बेत

ताई (सांगली): सर्वांना नमस्कार. शनिवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघून आम्ही चौघे, सासूबाईंसह, रविवारी सकाळी मुंबईत पोहोचत आहोत. मुक्काम ठाण्याला दादाकडे आहे. रविवारी सिद्धिविनायक व राणीची बाग, सोमवारी घारापुरी आणि त्याच रात्री परतीची गाडी, असे ठरवले आहे. काही सुचवायचे असल्यास कळवावे.

वृंदा (दादर): ताई, दिवसांची अदलाबदल केल्याशिवाय हे जमणार नाही. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात आणि पुष्कळांना ते गेटवेवर पोहोचल्यावरच समजते. राणीची बाग बुधवारी बंद असते, त्यामुळे ती सोमवारी चालेल, आणि सिद्धिविनायकालाही सोमवारी मंगळवारइतकी रांग नसते. घारापुरीला बोटीने साधारण तासभर लागतो आणि पुढे शंभरहून अधिक पायऱ्या आहेत, म्हणून सासूबाईंसाठी डोली करावी, पण भाडे बसण्याआधी ठरवावे. खाण्याची पिशवी हातात उघडी धरू नये. तिथली माकडे कणीस तर नेतातच, पाण्याची बाटलीही सोडत नाहीत.

दादा (ठाणे): रविवारी आधी ठाण्याला उतरून घरी यावे, सामान ठेवावे, आंघोळ-नाश्ता करावा आणि मग निवांत निघावे, असे माझे मत आहे.

वहिनी (ठाणे): ताई, ह्यांचे ऐकू नका. आमच्या घरचा निवांत नाश्ता अकराला संपतो आणि बहुतेक रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक त्याच सुमारास सुरू होतो, मग जलद गाड्याही धीम्या मार्गावरून रखडत जातात. त्यापेक्षा थेट सीएसएमटीला उतरून प्रतीक्षालयात आवरावे आणि सामान क्लोक रूममध्ये ठेवावे. कुलूप नसलेली बॅग तिथे घेत नाहीत. माझ्या भावाला एका पिशवीपायी बाहेर जाऊन कुलूप विकत आणावे लागले होते. स्टेशनबाहेर रिक्षा शोधत बसू नये, त्या भागात टॅक्सी किंवा बेस्टची बसच मिळते.

ताई (सांगली): आणि संध्याकाळी सामान घेऊन ठाण्याला कोणत्या लोकलने यावे?

वहिनी (ठाणे): सीएसएमटीहून सुटून ठाण्यालाच संपणारी धीमी लोकल घ्यावी. वेळ थोडा अधिक लागतो, पण बसायला जागा मिळते आणि शेवटचे स्थानक असल्याने सासूबाईंना सावकाश उतरता येते. कर्जत-कसाऱ्याच्या गाडीत मोठ्या बॅगा घेऊन चढलात, तर ठाण्याला उतरण्यासाठी दारापर्यंत पोहोचणेच अवघड होते. इंडिकेटरवर कर्जतसाठी इंग्रजी एस लिहितात आणि धीम्या गाडीसाठीही एसच, हे कोणाच्या डोक्यातून आले देव जाणे. आपण ठाण्याचा टी पाहावा.

वृंदा (दादर): सोमवारी ऑफिसची गर्दी ओसरल्यावर, म्हणजे अकराच्या सुमारास, ठाण्याहून निघावे. दादरला पश्चिमेला बाहेर पडून टॅक्सीने सिद्धिविनायकाला जावे आणि तिथून टॅक्सीनेच भायखळ्याला राणीच्या बागेत. बागेतून मात्र चारलाच निघावे, कारण पाचनंतर ठाण्याकडच्या गाडीत सासूबाईंना चढवणे कठीण आहे.

दादा (ठाणे): परतीचे तिकीट सीएसएमटीहून काढले असेल, तर चढण्याचे स्थानक आजच ठाणे असे बदलून घ्यावे, म्हणजे सामान घेऊन पुन्हा उलटे जाणे नको. नाश्ता सोमवारी सकाळी करू. त्या दिवशी अकरापर्यंत वेळ आहे, असे आता वृंदानेच लिहिले आहे.