होमरचा ‘हेरोस’ मराठीत कसा आणायचा? वीर, नायक की तिसरंच काही?

अर्धी_ओळ
अडलेय म्हणून विचारते. आमच्या वाचनगटात येत्या शनिवारी होमर या प्राचीन ग्रीक कवीच्या ओडिसी या महाकाव्यातला उतारा मराठीतून वाचायचाय आणि तो मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलंय. मला ग्रीक येत नाही, दोन इंग्रजी भाषांतरं शेजारी ठेवून आणि शंका आली तिथे ग्रीक कोश बघून करतेय. आठवा सर्ग. ओडिसियस परक्या राजाकडे जेवायला बसलाय, आपण कोण ते अजून त्याने सांगितलेलं नाही. तिथे डेमोडोकस नावाचा आंधळा गायक आहे. चोपदार त्याला हाताला धरून आणतो, त्याचं वाद्य डोक्यावरच्या खुंटीला अडकवतो आणि हात वर केला की ते कुठे लागेल हे त्याला दाखवून ठेवतो (हे वाचताना मला भरून आलं). तर ओडिसियस समोरच्या डुकराच्या पाठीच्या मांसातला चरबीदार तुकडा कापतो आणि चोपदाराला म्हणतो, हा त्या गायकाला नेऊन दे. पुढची ओळ म्हणजे चोपदाराने तो तुकडा ‘हेरोस’ (इंग्रजी हीरोचं मूळ असलेला ग्रीक शब्द) डेमोडोकसच्या हातात ठेवला, त्याने तो घेतला आणि त्याला आनंद झाला.

मी लिहिलं ‘वीर डेमोडोकसच्या हाती ठेवला’. गटातली मैत्रीण म्हणाली, अगं ज्याला स्वतःचं वाद्य सापडत नाही तो कसला वीर, नायक लिही. पण नायक म्हटलं तर गोष्टीचा नायक ओडिसियस आहे ना? काय लिहू?

चोखंदळ
नायकच. आपल्याकडे काव्यशास्त्रात धीरोदात्त, धीरोद्धत, धीरललित, धीरप्रशांत असे नायकाचे चार प्रकार पक्के ठरलेले आहेत, एवढी तयार परिभाषा असताना चाचपडायचं कशाला. वीर हा रस आहे, माणूस नव्हे.

वाऱ्यावरची_वरात
चोखंदळ, वीर हा माणूस नव्हे हे कुठून आणलंत? बाकी नायकाबद्दल माझा आक्षेप असा की नायक ही काव्यातली जागा आहे, ती एकाला मिळते, फार तर दोघांना. होमरमध्ये हा शब्द तसा वापरलेलाच नाही. इलियड या त्याच्या ट्रॉयच्या युद्धावरच्या महाकाव्यात, दुसऱ्या सर्गात, ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन अख्ख्या सैन्याला हाक मारतो ती ‘मित्रांनो, हेरोएस (हेरोसचं अनेकवचन), युद्धदेव आरेसच्या सेवकांनो’ अशी. म्हणजे हजारो नायक झाले की! ओडिसीच्या अठराव्या सर्गात तर दारू वाढणारा मूलिओस नावाचा चोपदार आहे, त्यालाही हेरोस म्हटलंय. इलियडमधल्या थर्सायटीस नावाच्या सैनिकाला मात्र कुठेच नाही. तो राजाला तोंडावर बोलतो, मग ओडिसियस त्याच्या पाठीत राजदंड घालतो आणि सगळे हसतात. म्हणजे हा शब्द लढण्यावर ठरत नव्हता, त्या जगात तुम्हाला माणसांत धरतात की नाही यावर ठरत होता असं मला वाटतं.

तांबडी_माती
माझ्या मते हीरो हा शब्द आपल्या वीरवरूनच तिकडे गेलाय. व चा ह होतो, आमच्याकडे विहिरीला हीर म्हणतात, म्हातारी माणसं अजूनही ‘हिरीवर जाऊन ये’ म्हणतात. वीर – हीर – हीरो.

जुनी_वही
दादा, तुमच्या ‘हिरी’बद्दल आदर आहे पण हे जमत नाही. विहिरीचा वि गळला म्हणून हीर राहिली, तिथे व चा ह झालेला नाही. आपल्या ‘वीर’चा सख्खा भाऊ लॅटिनमध्ये आहे, ‘विर’, अर्थ पुरुष. ग्रीकांकडे तो शब्द उरला नाही, त्यांच्याकडे आहे ‘अनेर’, म्हणजे आपला नर. ओडिसीचा पहिलाच शब्द ‘आंद्रा’, नराला, त्या माणसाविषयी सांग अशी सुरुवात. हेरोसचं मूळ अजून कोणाला नीट लागलेलं नाही. पूर्वी ते रक्षण करणे अशा अर्थाच्या धातूशी जोडायचे, पण त्यासाठी शब्दात मुळात व असायला हवा होता. १९५२ मध्ये लिनिअर बी ही ग्रीकची फार जुनी लिपी वाचता आली, आणि पायलॉस या ग्रीसमधल्या जुन्या ठिकाणच्या मातीच्या पाट्यांवर ‘तिरिसेरोए’ असा शब्द मिळाला, म्हणजे ‘तिहेरी हेरोस’ला. ती लिपी व स्वतंत्र लिहिते आणि या शब्दात व नाही. म्हणजे ते मूळ गेलं आणि त्याबरोबर तुमचा वीरही गेला. त्यातली एक पाटी सुगंधी तेलाची आहे, त्या तिहेरी हेरोसच्या नावे तेल दिल्याची नोंद. साधारण ३,२०० वर्षांपूर्वीची.

तांबडी_माती
व्युत्पत्ती चुकली असेल, मान्य. पण तुम्ही तेलाचं लिहिलंत म्हणून सांगतो. आमच्या देव्हाऱ्यात वीराचा टाक आहे. चांदीचा, दोन बोटं उंच, घोड्यावर बसलेला, घासून घासून तोंड सपाट झालंय. धुळवडीला नाशकात वीर निघतात, आमचाही निघतो, ताटात घालून वाजतगाजत गोदावरीवर न्यायचा, आंघोळ घालायची, परत आणायचा. आजी म्हणायची तो आपल्यातलाच, अवेळी गेला, त्याला विसरलं तर चालत नाही. नाव कोणालाच माहीत नाही. तर आमच्या घरात वीर म्हणजे लढाईतला शूर असं कोणी म्हणतच नाही, वीर म्हणजे गेलेला पण वाटा मागणारा. शूरवीर, परमवीर हे नंतर शाळेत कळलं.

जुनी_वही
दादा, तुम्ही जे लिहिलंय ते ग्रीकांच्या नंतरच्या हेरोसला इतकं चपखल बसतं की मी दोनदा वाचलं. स्पार्टाजवळ तिथला राजा मेनेलाउस आणि त्याची बायको हेलन यांचं ठाणं होतं, तिथे लोक वस्तू वाहायचे. हेसिओड हा जुना ग्रीक कवी सांगतो की माणसांचे पाच वंश, त्यातला चौथा हेरोसांचा, थीब्ज आणि ट्रॉयला मेले ते, आणि आपण लोहयुगातले पाचवे. म्हणजे हेरोस म्हणजे होऊन गेलेला, असाच अर्थ आहे त्यात. अर्धी_ओळ ताई, ‘वीर’ बिनधास्त ठेवा.

वाऱ्यावरची_वरात
पण डेमोडोकस तर जिवंत बसलाय हो पानावर! पूजा, ठाणी हे वेगळं आणि होमरचा वापर वेगळा. आणि कृपा करून कोणी आता ‘अर्धदेव’ सुचवू नका. ग्रीक योद्धा अकिलीसची आई देवी होती, ठीक आहे, पण ट्रॉयचा हेक्टर, ओडिसियस यांचे आईबाप दोन्ही माणसं. अख्ख्या इलियडमध्ये, १५ हजारांवर ओळींमध्ये, अर्धदेव हा शब्द एकदाच येतो, बाराव्या सर्गात, तोही युद्ध संपल्यावर समुद्र आणि नद्या तिथली भिंत धुऊन नेणार आहेत हे सांगताना. तेवढ्यापुरता कवी त्यांच्याकडे फार लांबून बघतो.

रोजची_लोकल
इतकं कशाला, हीरो लिहा ना सरळ. मूळ ग्रीकच शब्द आहे, इंग्रजीमार्फत आला म्हणून काय झालं, टेबल लिहितोच ना आपण. सगळ्यांना कळतो.

चोखंदळ
सगळ्यांना काय कळतो? गॉगल लावून बाइकवरून जाणारा कळतो. ‘लई हीरो झालास का’ असं आपण पोराला ओरडतो. आंधळ्या गायकाच्या ओळीत तो शब्द टाकला की ओळ मेलीच. मी शुद्धीवाला म्हणून नाही सांगत, कानाला काय ऐकू येतं ते सांगतोय.

निवडुंग
शब्दावरून मूळ गाभा सुटतोय. हेरोस कशाने होतो, तर कीर्तीने. इलियडच्या नवव्या सर्गात अकिलीस सांगतो की आईने मला दोन मरणं सांगितलीत, इथे राहून लढलो तर घरी जाणं नाही पण अक्षय कीर्ती, घरी गेलो तर कीर्ती नाही पण आयुष्य मोठं. ती अक्षय कीर्ती ग्रीकमध्ये ‘क्लेओस अफ्थितोन’ आणि ऋग्वेदात ‘श्रवः अक्षितम्’, क्लेओस आणि श्रवस् एकच शब्द, हे १८५३ पासून माहीत आहे. आपल्या समर्थांनीही तेच सांगितलंय, देहे त्यागिता कीर्ति मागे उरावी.

जुनी_वही
तेच नाही हो. तिसरी ओळ म्हणा, ‘मना चंदनाचे परी त्वां झिजावे’. समर्थांची कीर्ती झिजण्याची आहे, दुसऱ्याला निववण्याची. अकिलीस स्वतःच्या माणसांना मरू देतो आणि तंबूत बसतो. हेक्टरची कीर्ती बघा. सातव्या सर्गात तो म्हणतो, मी ज्याला मारीन त्याचं थडगं समुद्रकाठी बांधा, पुढे कधी कोणी नावेतून जाताना म्हणेल हा बघा हेक्टरने मारलेल्याचा ढीग, आणि माझी कीर्ती मरणार नाही. थडगं त्याचं आणि नाव याचं! ज्याचं थडगं त्याचं नावसुद्धा त्या बोलण्यात नाही. तांबडी_माती दादांच्या टाकाला नाव नाही ते वाचल्यापासून हे डोक्यात घोळतंय. आमच्या गावच्या मारुतीमागे वीरगळ आहे, खाली पडलेला माणूस, मध्ये अप्सरा त्याला नेतायत, वर पिंडीपुढे हात जोडून बसलाय, माथ्यावर चंद्र-सूर्य. त्याचंही नाव कोणी सांगत नाही. आपण दगड ठेवला आणि नाव गेलं.

आणि एक, क्लेओस म्हणजे जे ऐकलं जातं ते, कीर्ती मात्र कीर्तनाच्या धातूतली, म्हणजे जे म्हटलं जातं ते. एक कानाचा शब्द, एक तोंडाचा.

अर्धी_ओळ
सगळं वाचतेय, खूप मिळतंय, पण माझ्या ओळीचं काय? कीर्ती गाणाऱ्यालाच कवी हेरोस म्हणतोय, आणि त्याच गायकाचं ट्रॉयचं गाणं ऐकून ओडिसियस नंतर इतका रडतो की कवी त्याला नवऱ्याच्या प्रेतावर पडून रडणाऱ्या बाईची उपमा देतो, मागून सैनिक तिला भाल्याने ढोसून गुलामीत हाकतायत. त्या गायकाला मी काय म्हणू?

वेशीबाहेर
मी म्हणेन ‘मानकरी’.

गंमत म्हणून नाही सांगत. आमच्या जत्रेत बकरं पडलं की मानाचे वाटे आधी निघतात, कोणाच्या घरी काय जायचं ते ठरलेलं, वाटा छोटा असला तरी चालतो पण चुकला तर भावकीत दोन-दोन वर्षं बोलणं बंद. माझे चुलते एकदा भरल्या पानावरून उठून गेले होते, वाटा आधी दुसरीकडे गेला म्हणून. इलियडचं सगळं भांडण हेच आहे. अकिलीसच्या वाट्याला आलेली ब्रिसेइस ही पकडून आणलेली बाई अगामेम्नॉनने नेली, तिथे त्याचा मान गेला. आणि बाराव्या सर्गात ट्रॉयच्या बाजूने लढणारा लिकियाचा सार्पेडॉन त्याच्या सोबत्याला, ग्लाउकसला, विचारतो, लिकियात आपल्यालाच मानाची जागा, मांस आणि भरलेले प्याले का देतात? म्हणून आपण पुढच्या फळीत उभं राहायचं. नंतर म्हणतो, मरण चुकणार असतं तर मी पुढे गेलोच नसतो आणि तुलाही पाठवलं नसतं. मला हेरोस इथे कळतो, आधी मान घेतलाय, मरण अंगावर घेऊन तो फेडायचा. आता ताई तुमची ओळ बघा, ओडिसियस काय करतोय? मानाचा तुकडा पाठवतोय.

वाऱ्यावरची_वरात
हे जबरदस्त आहे. पण मग अगामेम्नॉन सैन्याला ‘मानकऱ्यांनो’ म्हणेल का? ते लग्नाच्या मांडवातलं वाटेल.

चोखंदळ
मानकरी हे पद आहे, वंशाने येतं. गायकाला मानकरी म्हणणं मला पटत नाही.

वेशीबाहेर
गोंधळ्याला मान नसतो का घरात?

रोजची_लोकल
एक विचारू, तांबडी_माती, घोड्यावर बसलेला टाक म्हणजे खंडोबा ना? आमच्याकडे पण घोड्यावरचाच आहे आणि त्याला आम्ही खंडोबाच म्हणतो.

निवडुंग
मलाही तीच शंका आली. आणि अवेळी गेलेला, मुंज होऊन लग्न न झालेला असेल तर मुंजा म्हणतात, वीर नाही.

तांबडी_माती
मुंजा पिंपळावर असतो हो, देव्हाऱ्यात घेत नाहीत आमच्याकडे. आणि खंडोबा वेगळा आहे, दोन्ही टाक शेजारी शेजारीच आहेत. खंडोबाच्या घोड्यावर म्हाळसा बसलेली आहे. वीर घोड्यावर एकटाच आहे.