दर आठवड्याला एक लस? शाळेआधीचा हा सल्ला पुढे पाठवू नका

काटेकोर
शाळेआधीच्या लसींवर एक पोस्ट फिरते आहे. मजकूर थोडक्यात असा: शाळेला महिना उरला, राहिलेल्या लसी उरकून घ्या, मुलाला एकदम त्रास नको म्हणून दर आठवड्याला एकच द्या, मध्ये मोठा खंड पडला असेल तर कोर्स पहिल्यापासून सुरू करा.

एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) आणि कांजिण्यांची लस, दोन्ही जिवंत विषाणूंच्या. त्या एकाच दिवशी द्यायच्या, नाहीतर मध्ये किमान 28 दिवस सोडायचे. या आठवड्यात एक आणि पुढच्या आठवड्यात दुसरी दिली की दुसरी वाया जाते. पहिलीने जागी झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्या विषाणूला वाढू देत नाही. तो डोस धरत नाहीत, 28 दिवसांनी पुन्हा टोचावं लागतं. त्रास वाचवायच्या नादात एक सुई वाढली.

खंड पडला तरी कोर्स पहिल्यापासून करायचा नसतो. हेपॅटायटिस बीचा दुसरा डोस दोन वर्षांपूर्वी झाला असेल, तर आता फक्त तिसरा. अंतर कमी पडलं तर डोस बाद होतो, जास्त झालं तर नाही.

आणि महिना पुरतो हेही खोटं. हेप बीचा एकही डोस न झालेल्या मुलाला पहिल्या डोसापासून तिसऱ्यापर्यंत किमान 16 आठवडे लागतात.

रानवारा
तुमची अंतरं बरोबर आहेत, सल्ला चुकीचा आहे. एका बैठकीत चार सुया टोचल्या तर ते मूल पुढच्या वेळी दवाखान्याच्या पायरीवरच लोळण घेतं आणि पालक पुढची तारीख टाळतात. जिवंत लसी एकत्र द्या, मान्य. पण ट्रिपल (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात), पोलिओ, हेप बी यांना एकमेकांत अंतराचं बंधन नाही, त्या वेगळ्या दिवशी दिल्या तर काय बिघडतं?

शिवाय "16 आठवडे लागतात" असं वाचून निम्मे पालक म्हणतील, आता उशीर झालाच आहे, पुढच्या वर्षी बघू. गोवराच्या रुग्णाशी संपर्क आल्यानंतर 72 तासांच्या आत दिलेली लससुद्धा उपयोगी पडू शकते. उशीर झालेल्यांना हे सांगायला हवं.

काटेकोर
बिघडतं ते फेऱ्यांमुळे. चार फेऱ्या ठरवल्या की तिसरीला सर्दी होते, चौथीला पाहुणे येतात आणि तेवढी लस कायमची राहते. (साध्या सर्दीत लस देता येते, तरी लोक परत जातात.)

सुईची भीती कमी करायचे उपाय आहेत, ते सांगा. मुलाला आडवं दाबून धरू नका, मांडीवर ताठ बसवा. जास्त झोंबणारी, म्हणजे एमएमआर, शेवटी द्यायला सांगा. एकाच दंडावर दोन द्यायच्या तर मध्ये अडीच सेंटिमीटर अंतर हवं. टोचलेली जागा चोळू नका.

उंबरठा
आणि आधीच पॅरासिटामॉल पाजू नका! ताप येऊ नये म्हणून लसीआधी दिलेल्या औषधाने काही लसींचा प्रतिसाद कमी झालेला दिसला आहे. ताप आला, मूल बेचैन झालं, तर द्या: किलोमागे 15 मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार तास. बाटलीवरचा आकडा वाचा. 16 किलोच्या मुलाला 240 मिलिग्रॅम लागतात. 5 मिलीत 120 असलेल्या औषधाचे ते 10 मिली होतात, 250 वाल्याचे जेमतेम 5. चूक इथेच होते.

एमएमआरचा ताप बहुतेकदा सातव्या ते बाराव्या दिवसाच्या आसपास येतो. शाळेच्या आदल्या आठवड्यात लस घेतली की तो नेमका पहिल्या आठवड्यात गाठतो आणि सगळे म्हणतात, शाळेतून काहीतरी घेऊन आला.

शीतपेटी
तारखांवर भांडताय, पण लस गोठली असेल तर? ट्रिपल आणि हेप बी 2 ते 8 अंशांत ठेवायच्या असतात आणि गोठणं त्यांना उष्णतेइतकंच मारक आहे. त्यांतल्या अॅल्युमिनियम क्षाराच्या गुठळ्या होतात, लसीची ताकद जाते. नुसतं बघून हे कळेलच असं नाही. कुपीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे रंग बदलणारी खूण, उष्णता लागल्याचं दाखवतो, गोठणं दाखवत नाही.

फ्रीजरमधून काढलेला आइस पॅक तसाच पेटीत घातला की भिंतीला लागलेल्या कुप्या गोठतात. पॅक बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबायचं असतं. घाईत तेवढंच राहतं.

रानवारा
झालं! आता पालकांनी थर्मामीटर घेऊन जायचं का? असलं वाचून लोक घरीच बसतात. गोठलेल्या कुपीची काळजी लस देणाऱ्यांनी करायची.

शीतपेटी
घाबरवत नाहीये. दोन प्रश्न तर विचारता येतात. व्हीव्हीएममधला आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका आहे का? आणि अनेक डोसांची गोवराची कुपी कधी कालवली, म्हणजे पूड द्रवात कधी मिसळली? कालवल्यावर ती थंड आणि अंधारात ठेवायची, सहा तासांत संपवायची किंवा टाकायची. गोठल्याचा संशय आला तर शेक टेस्ट असते: त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवायची, दोन्ही हलवून शेजारी ठेवायच्या. संशयित कुपीत गाळ तितक्याच वेगाने बसला तर ती बाद.

रानवारा
चौकोनाचं मान्य, तेवढं कोणीही बघू शकतं. शेक टेस्ट पालकांच्या धाग्यात कशाला?

शीतपेटी
कारण हा धागा लस देणारेही वाचतात.

उंबरठा
तुम्ही दोघं फ्रीजमध्येच अडकलात. खरा घोळ कार्डावर असतो. "बूस्टर दिला" एवढंच खरडलेलं, लसीचं नाव नाही, तारीख नाही. मग अंतर मोजायचं कशावरून? लसीचं नाव, तारीख आणि बॅच नंबर लिहून घेतल्याशिवाय कार्ड परत घेऊ नका. तिथे किमान 15 मिनिटं थांबायचंच असतं, तेवढ्यात कार्ड वाचून होतं.

एमएमआरच्या दुसऱ्या डोसालाही "बूस्टर" लिहितात, म्हणून तो ऐच्छिक वाटतो. पहिल्या डोसाने गोवरापासून 93 टक्क्यांच्या आसपास मुलं सुरक्षित होतात, दोन डोसांनी 97. दुसरा डोस मुख्यतः पहिला लागू न पडलेल्यांसाठी आहे आणि ती मुलं कोणती हे बाहेरून कळत नाही.

रानवारा
ठीक आहे, दर आठवड्याला एक हे मी मागे घेतो. पण "महिना पुरत नाही" ही ओळ तशीच ठेवलीत तर धागा वाचून कोणी जाणार नाही, हे माझं म्हणणं कायम आहे.

काटेकोर
ती ओळ अर्धवट होती, इतकं खरं. अशी वाचा: महिन्यात सगळं पूर्ण होणार नाही, म्हणून आजच कार्ड घेऊन जा. त्या दिवशी देता येतील त्या सगळ्या लसी एकदम घ्या आणि उठण्याआधी पुढच्या डोसाची तारीख त्याच कार्डावर लिहून घ्या. मूल सात वर्षांचं व्हायला आलं असेल तर ट्रिपलचं आधी विचारा. सातनंतर लहान मुलांची ट्रिपल चालत नाही, मोठ्यांसाठीची कमी मात्रेची द्यावी लागते.