मदत हवी आहे: केकवरची पानं टिकत नाहीत

लोणीसाखर:
केकवर ताजी पानं लावली की दोन-तीन तासांत माना टाकतात. शनिवारी वसईत लग्नाची ऑर्डर आहे, तीन थरांचा केक. कोणता स्प्रे मारायचा तेवढं सांगा. कृत्रिम पानं नवरीला नको आहेत, ती सुचवू नका. प्लीज लवकर.

बागबान:
कुठली पानं?

पोटोबा:
आणि केक व्हिप्ड क्रीमचा, बटरक्रीमचा की फाँडंटचा? हॉल एसी आहे का? मे महिन्यात वसईत व्हिप्ड क्रीमचे तीन थर उभे करणार असाल तर पानांची काळजी सोडा, आधी केकची करा.

खमंग_काकू:
अगं, सिल्कची पानं आण की! भाचीच्या रिसेप्शनला आम्ही तीच लावली होती, कुणाला कळलंसुद्धा नाही. धुऊन परत वापरता येतात.

लोणीसाखर:
काकू, वर लिहिलंय नको म्हणून. केक बटरक्रीमचा आहे, त्याचं मी बघते. पानं हिरवी, वेलीसारखी खाली सोडायची आहेत.

बागबान:
हिरवी तर सगळीच असतात हो. नाव सांगा. कुंडीतली की फुलवाल्याकडची? तोडल्यावर किती वेळाने केकवर गेली?

वाटसरू_७:
हेअरस्प्रे मारा. मस्त चमकतात.

पोटोबा:
लोक तो केक खाणार आहेत, केस विंचरणार नाहीत.

लोणीसाखर:
घरचा मनीप्लांट आणि नर्सरीतली आयव्ही. आयत्या वेळी तोडते, म्हणजे एकदम ताजी. देठाला फॉइल लावून खोचते. लॉनवर कार्यक्रम आहे, केक चारला मांडायचा, कापणार रात्री. आता तरी स्प्रेचं नाव सांगा!

रानवेडा:
थांबा. मनीप्लांट केकवर अजिबात नको. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. अळू खाजतं ते ह्याच्यामुळेच. आयव्हीच्या रसानेही कातडी चुरचुरते आणि ती विषारीत मोडते. डिफेनबाकिया, कण्हेर, घाणेरी हीसुद्धा कितीही सुंदर दिसली तरी नकोत. फॉइल दुमडताना फाटतं, त्यावर विसंबू नका.

लोणीसाखर:
पिंटरेस्टवर सगळे लावतात. कोणी मेलेलं ऐकलं नाही.

रानवेडा:
मरायला कशाला हवं? पाहुण्यांच्या पोराने पान चावलं आणि ओठ सुजले की ऑर्डर कोणाची होती हे अख्ख्या वसईला कळेल.

मी_दादरकर:
दादरच्या फूल मार्केटला पहाटे जा आणि नीलगिरी मागा, गोल पानांची. पाण्याबाहेरही ती चांगली टिकतात. कामिनीही मिळेल, पण मी नीलगिरीच घेईन. आणताना पानांवर बोटं फिरवू नका. वर पांढुरकी भुकटी असते, ती पुसली गेली की बोटाचा डाग तसाच राहतो.

बागबान:
स्प्रेचा नाद सोडा. "आयत्या वेळी तोडते" इथेच घोळ आहे. पान केकवर जाण्याआधी पाणी पिऊन टम्म व्हायला हवं. आदल्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर तोडा, किंवा विकत आणल्या आणल्या देठ धारदार सुरीने तिरका कापा. पाण्यात बुडतील तेवढी खालची पानं काढून टाका, नाहीतर ती कुजून पाणी नासतं. मग कोमट पाण्याच्या बादलीत, अंधाऱ्या गार जागी रात्रभर. शेंड्याची तांबूस कोवळी पानं आधीच खुडा, माना टाकतात ती तीच. जून पान टिकतं. फर्न असेल तर अख्खंच पाण्यात बुडवून ठेवलं तरी चालतं, नीलगिरी मात्र नाही.

पोटोबा:
बादली कशाला, ओल्या टिश्यूत गुंडाळून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवायची. मी कायम असंच करतो.

बागबान:
आधी बादली, मग डबा. तहानलेलं पान फ्रीजमध्ये ठेवलं तर गार होईल, टवटवीत नाही. आणि फ्रीजमध्ये आंबे आहेत का? पिकणाऱ्या फळातून इथिलीन सुटतं, पानं पिवळी पडतात.

लोणीसाखर:
मे महिना आहे, आंबे असणारच. ते बाहेर काढते. पण खोचायचं कसं? ओॲसिसचा, म्हणजे फुलवाले फुलं खोचतात त्या फोमचा, तुकडा चालेल?

पोटोबा:
नाही. तो फोम खाण्याच्या वस्तूला लावायचाच नाही. देठाच्या टोकाला ओल्या कापसाचा बोळा, त्यावर क्लिंग फिल्म घट्ट. हे सगळं जाड बोबा स्ट्रॉमध्ये, स्ट्रॉचं खालचं तोंड बंद करून, आणि स्ट्रॉ केकमध्ये. नुसती फ्लोरल टेपही केकमध्ये नको.

गावकरीण:
वसईत पानवेलीच्या वाड्या असताना दादरला कशाला? विड्याची पानं लावा, खाल्ली तरी चालतात.

मी_दादरकर:
केक आहे की विडा? शिवाय ते पान जरा चिमटलं तरी काळं पडतं.

गावकरीण:
तुमच्याकडे पोचेपर्यंत पडत असेल. वाडीतून थेट आणा, मग बोला.

चालतं_बोलतं:
अवांतर: ह्या महिन्यात वसईत सुकेळी (वाळवलेली केळी) मिळतील का? आईला हवी आहेत.

लोणीसाखर:
नवरीशी बोलले. नीलगिरी चालेल म्हणाली, वेल खाली सोडायची नाही असं ठरलं. फुलवाला आदल्या दिवशी दुपारी आणून देतोय. त्याच्याकडची औषध मारलेली असतात का?

रानवेडा:
मारलेली असणार असंच धरून चाला. वाहत्या पाण्याखाली धरा, चोळू नका, झटकून वाळवा. भुकटी थोडी जाईल, जाऊ दे. आणि नीलगिरीसुद्धा खायची नाही हं. केक कापणाऱ्या केटररला आधीच सांगा की सगळ्या डहाळ्या स्ट्रॉसकट काढून मगच सुरी लावायची. किती डहाळ्या लावल्या त्याची चिठ्ठी त्याच्या हातात द्या, म्हणजे एखादी आत राहणार नाही.

पोटोबा:
आणि डहाळ्या घरून लावून नेऊ नका. केक लॉनवर मांडून झाला की शेवटी खोचा. दोन-चार जास्तीच्या ओल्या फडक्यात न्या. टेबल पंख्याच्या झोतात लावू देऊ नका, वाऱ्यानेही पानं लवकर सुकतात.

गावकरीण:
@चालतं_बोलतं, तुमच्या विपूत (विचारपुशीत) निरोप ठेवला आहे. सुकेळी घेताना वास घेऊन घ्या.