मदत हवी आहे: साओ व्हिसेंतचं क्रियोल शिकायचंय, धडे मात्र सांतियागोचे

नमस्कार मंडळी,

मी रॉटरडॅमला एका वृद्धाश्रमात काम करते. आमच्याकडे केप व्हर्दच्या (पश्चिम आफ्रिकेजवळचा बेटांचा देश) साओ व्हिसेंत बेटावरच्या, मिंदेलो शहरातल्या एक आजी आहेत. वयापरत्वे त्यांचं डच पुसत चाललंय. आता त्या जवळजवळ क्रियोलच, म्हणजे पोर्तुगीज आणि आफ्रिकी भाषांच्या मेळातून झालेली तिथली भाषा, बोलतात. निदान जेवणखाण, दुखणंखुपणं त्यांच्या बोलीत विचारता यावं, अशी मनापासून इच्छा आहे. पण मला मिळालेले धडे राजधानीच्या, म्हणजे सांतियागो बेटाच्या बोलीतले आहेत.

पोर्तुगीज पायावरच्याच या दोन्ही बोली, पण फरक बराच आहे. सगळ्यात जड जातात ते गाळलेले स्वर. सांतियागोत 'चिगा' (पोहोचणे), तर आजींच्या तोंडी 'च्गा'. 'फेस्ता'चं 'फेश्ता' होतं. 'मी जेवतेय' हे सांतियागोत 'न् स्ता ता कुमे', मिंदेलोत 'म् ती ता क्मे'. नुसतं 'ता' लावलं की 'मी जेवते', रोजची सवय. एवढं जमलं. पण सांतियागोत भूतकाळासाठी क्रियापदाला 'बा' लागतो (कांता, कांताबा), त्याच्या जागी मिंदेलोत काय करतात? 'मी जेवत होते' कसं म्हणायचं?

दुसरा प्रश्न अहो-जाहोचा, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. सांतियागोत मोठ्या बाईला 'न्या' म्हणतात, मिंदेलोत 'बोसे'. अनेकांना 'बझोत'. परक्या, वयस्कर बाईशी बोलताना पहिल्या भेटीपासून 'बोसे'च ना? आजींना अरेतुरे केल्यासारखं वाटायला नको.

साओ व्हिसेंतवर वस्ती एकोणिसाव्या शतकात वाढली. आगबोटींना कोळसा पुरवणारं बंदर झालं, आणि सांतो आंताओ, साओ निकोलाव या शेजारच्या बेटांवरून माणसं आली. म्हणून विचारते, सांतो आंताओच्या बोलीचं साहित्य मिळालं तर ते सांतियागोच्या धड्यांपेक्षा जवळचं पडेल का?

कान तयार व्हावा म्हणून सेझारिया एव्होराची गाणी ऐकते, त्या मिंदेलोच्याच. पण गाण्यातली वाक्यं कामावर वापरता येत नाहीत.

इथे कुणी कोर्लईच्या (रायगड जिल्ह्यातलं गाव) पोर्तुगीज क्रियोल बोलीवर काम केलं असेल तर जरूर लिहा. तिथे क्रियापद मराठीसारखं शेवटी जातं, केप व्हर्दच्या बोलीत मधेच येतं, हे ठाऊक आहे; पण अशी बोली कानाने कशी टिपायची, हे तुम्हीच सांगू शकाल. लिस्बन किंवा रॉटरडॅममधल्या कुणाकडे मिंदेलोच्या बोलीतलं रोजच्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण असेल, तर व्यक्तिगत निरोप करा. दुखतंय कुठे, भूक लागली का, पाणी हवंय का, एवढी वाक्यं आधी हवी आहेत.