मदत हवी आहे: महापुरात निर्णय घेतलेल्या माणसांशी बोलायचे आहे

नमस्कार. मी सांगलीत मानसशास्त्रात एम.ए. करत असून, २०१९च्या महापुरात घर केव्हा सोडायचे, गोठ्यातली जनावरे केव्हा हलवायची हे लोकांनी कसे ठरवले, हा माझ्या लघुप्रबंधाचा विषय आहे.

१९८०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी अमेरिकेतील अग्निशमन दलाच्या प्रमुखांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा असे दिसले की ही अनुभवी माणसे बहुतेक वेळा पर्यायांची तुलना करतच नाहीत. समोरचा प्रसंग पूर्वीच्या कशासारखा आहे हे ओळखतात, सुचलेला पहिला उपाय मनातल्या मनात चालवून पाहतात आणि तो जमण्यासारखा वाटला की कामाला लागतात. माझा प्रश्न इथूनच सुरू होतो. आमच्या शेजारच्या आजोबांनी २००५च्या पुराच्या पाण्याच्या खुणेवर भिंतीत खिळा ठोकला होता, आणि २०१९मध्ये त्याच खिळ्याच्या भरवशावर ते घरी थांबले. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ नदीची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी कृष्णा ५७ फुटांवर गेली. पाणी खिळ्याच्या वर चढले तेव्हा रात्र झाली होती.

हरिपूर, भिलवडी परिसरातील नावाडी, गोठेवाले, पोलीस पाटील किंवा बचावकार्यातील स्वयंसेवक आपल्या परिचयाचे असतील, तर त्यांना विचारून मला कृपया कळवावे. ज्यांची जनावरे वाहून गेली त्यांना, जुनी जखम न उकरता, कसे विचारावे, हेही अनुभवी मंडळींनी अवश्य सांगावे.