ऑस्ट्रियाच्या गरुडाच्या पंजातील विळा: शेतकऱ्याचा की पक्षाचा?

नांगरफाळ: ऑस्ट्रियाच्या राष्ट्रचिन्हातील गरुडाने एका पंजात सोनेरी विळा आणि दुसऱ्यात हातोडा धरला आहे. विळा आपल्याला निवडणुकीतील खुणांमुळे परिचित असल्याने मराठी माणूस हे चिन्ह पाहताच ते कम्युनिस्टांचे ठरवतो, आणि तो अर्थ मला चुकीचा वाटतो. 1919 मध्ये हे चिन्ह ठरले तेव्हा विळा शेतकऱ्यांसाठी, हातोडा कामगारांसाठी आणि डोक्यावरील तटबंदीच्या आकाराचा मुकुट नगरवासी मध्यमवर्गासाठी होता. हॅब्सबर्ग सम्राटांच्या दुतोंडी गरुडाकडे तलवार, राजदंड आणि राजगोल असत. त्या जागी कष्टाची अवजारे आली, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

तवारीख: सहमत नाही. सोव्हिएत रशियाने विळा-हातोडा 1918 मध्येच स्वीकारला होता, त्यामुळे पुढच्याच वर्षी व्हिएन्नात तीच दोन अवजारे निवडणाऱ्यांना लोक त्यांचा कोणता अर्थ लावतील हे ठाऊक नव्हते, असे मानणे कठीण आहे. चॅन्सेलर कार्ल रेनर यांच्या आधीच्या आराखड्यात बुरूज, हातोडे आणि राय धान्याच्या कणसांची माळ होती. म्हणजे विळ्यावाचूनही शेतकरी दाखवता येत होता.

नांगरफाळ: कणीस पीक दाखवते, ते कापणारा हात दाखवत नाही. शिवाय रशियाच्या चिन्हात दोन्ही अवजारे एकमेकांवर आडवी आहेत आणि तिसऱ्या वर्गाला तेथे जागाच नाही. येथे ती वेगवेगळ्या पंजांत असून वर मुकुट आहे. अवजार कशाच्या शेजारी ठेवले, यावर त्याचा अर्थ ठरतो. मोझांबिकच्या ध्वजावर कुदळीला बंदूक छेदते, तेव्हा ती कुदळ युद्धातून आलेल्या स्वातंत्र्याची होते. ऑस्ट्रियातील हुकूमशाहीने 1934 मध्ये दुतोंडी गरुड परत आणून ही अवजारे हटवली, आणि 1945 मध्ये ती परतली तेव्हा गरुडाच्या पायांत तुटलेली साखळी होती.

तवारीख: ती 1 मे 1945 रोजी परतली, आणि तेव्हा व्हिएन्ना सोव्हिएत सैन्याच्या ताब्यात होते, हे आपण सांगितले नाही.

नांगरफाळ: खरे आहे. मात्र त्या हंगामी सरकारात समाजवादी आणि कम्युनिस्टांबरोबर शेतकऱ्यांचा मोठा आधार असलेला पुराणमतवादी पक्षही होता. सोव्हिएत सैन्य 1955 मध्ये निघून गेले आणि विळा मात्र राहिला.

तवारीख: 1955 चा मुद्दा मान्य. आता माझा आक्षेप अवजाराच्या निवडीपुरता उरतो: आल्प्सच्या उतारांवरील गवत शेतकरी दोन्ही हातांनी चालवायच्या लांब दांड्याच्या पात्याने कापत आले, आणि गरुडाच्या पंजात ते पाते नाही.